तो खड्डा ओढा आहे का, एकदाचं ठरवा!

एका खात्याचे साहेब जागेवर आले, म्हणाले, हा ओढा आहे. तीन महिन्यांनी दुसऱ्या खात्याचे आले. त्यांनी बुटाने पालापाचोळा बाजूला सारला आणि म्हणाले, छे, ही तर नुसती खोलगट जागा. दोघांचीही लेखी टिपणं माझ्या टेबलावर आहेत आणि दोघांनाही माझ्याकडून नकाशा हवाय, सहीशिक्क्यासकट. काय करू? अर्धा ओढा काढून देऊ?

मी मूळचा मिरजेचा. सिव्हिल इंजिनियर. उत्तर कॅलिफोर्नियात हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन डोंगराळ काउंट्यांना मिळून 'एमराल्ड ट्रँगल' म्हणतात, तिथल्या परवानाधारक गांजा-शेतकऱ्यांची पर्यावरणाची कागदपत्रं करणं हा माझा धंदा. (आईला 'पाण्याच्या निचऱ्याचं काम' एवढंच सांगितलंय, आणि ते खोटं नाही. यात पडलो तेही नागरिकत्व हातात आल्यावरच. राज्याचा परवाना असला तरी केंद्राचा कायदा वेगळा. ग्रीनकार्डवर असताना या धंद्यात नोकरी केलीत तर नागरिकत्वाच्या अर्जात 'सदाचरणा'पाशी गाडी अडते. आपल्या पोरांनी गमतीतही इकडे फिरकू नये.)

तर तो खड्डा. माझी गिऱ्हाईक सत्तरीची बाई. एकटी राहते. वाफा दहा हजार चौरस फुटांचा, आपल्या हिशोबात सव्वानऊ गुंठ्यांच्या आतच. वाफ्याची लांबी १२५ फूट आणि त्या कडेपासून खड्डा २० फुटांवर. मासे असलेल्या बारमाही प्रवाहापासून १५० फूट लांब राहायचं, आणि जो फक्त पाऊस पडल्यावर वाहतो त्याच्यापासून ५० फूट, असा राज्याचा नियम आहे. म्हणजे खड्डा 'ओढा' ठरला की ३० गुणिले १२५, तीन हजार सातशे पन्नास चौरस फूट गेले. सव्वानऊमधले जवळपास साडेतीन गुंठे! वाफा पलीकडे सरकवावा म्हटलं, तर नव्या जमिनीला हात लागला, म्हणजे धुपीचा आराखडा नवा, अर्ज नवा, फी नवी.

नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाहीये. ऑगस्टमध्ये आटलेल्या ओढ्याच्या डबक्यात कोहो साल्मन माशांची पिल्लं तडफडताना आणि त्याच डबक्यात कुणीतरी सोडलेला पंपाचा पाइप मी पाहिलाय. इथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा ठणठणीत कोरडा. म्हणून १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर ओढ्यातून पाणी उचलायचं नाही, थंडीत टाक्या भरून ठेवायच्या. बरोबरच आहे! पण टाक्या कुणी घ्यायच्या? रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या कुणी बदलायच्या? त्या मोऱ्या शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आणि त्यातले ओंडके पेलतील एवढ्या मोठ्या हव्यात. आणि तिच्या जमिनीतला रस्ता तिने पाडलाय का हो? दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूड कंपन्यांनी बुलडोझर घालून डोंगर चिरले, १९६४च्या डिसेंबरातल्या महापुरात त्या उघड्या डोंगरांचा गाळ नद्यांत उतरला. झाडं संपली, जमिनींचे तुकडे विकले गेले. आता त्या रस्त्याचं पाप निस्तरायचं कुणी, तर सव्वानऊ गुंठेवालीने.

मदत? शेजारच्या द्राक्षबागवाल्यालाही नियम आहेत, पण त्याला तळ्यासाठी, धूप थांबवायला केंद्राच्या कृषी खात्याच्या योजनेत हातभार मागता येतो. हिला नाही, कारण केंद्राच्या लेखी तिचं पीक हे पीकच नाही. हेम्पवाल्यालासुद्धा २०१८च्या कायद्याने ते दार उघडलं. तीच झाडाची जात, फक्त नशा नाही.

राज्याने २०२१ मध्ये दहा कोटी डॉलर काढले. कुणाला? १७ शहरांना आणि काउंट्यांना, परवान्यांचा तुंबलेला ढीग उपसायला. शेतकऱ्यासाठी अनुदान आहे, नाही असं नाही, पण खर्च आधी स्वतः करा, पावत्या जोडा, मग पैसे. ज्या बाईला बँक कर्ज देत नाही तिने आधी कशातून करायचा? बरं, अर्जाला आराखडा जोडायचा, आराखड्यावर सही इंजिनियरची. म्हणजे माझी. म्हणजे मदत मागण्याच्या कागदासाठीही ती आधी मला पैसे देते! मागच्या महिन्याचं बिल पाठवताना मला लाज वाटली, तरी पाठवलं. माझंही घर आहे.

आणि हे सगळं कशासाठी, तर २०१६ला प्रपोझिशन ६४, म्हणजे राज्यात गांजा कायदेशीर करण्याचा जनमताचा प्रस्ताव, मांडताना लोकांना सांगितलं होतं की पहिली पाच वर्षं मोठ्यांना परवाने नाहीत, छोट्यांना पाय रोवू द्या. २०१७च्या नोव्हेंबरात नियमावली आली, आणि छोटे परवाने एकाने किती घ्यावेत याला मर्यादाच नाही! मग काय, छोट्या परवान्यांची चळत रचून मोठ्यांनी एकरांवर एकर लावले. त्यांच्याकडे कागद भरायला पगारी माणसं. हिच्याकडे मी, आणि डोंगरात धड न चालणारं इंटरनेट. २०२१ मध्ये भाव कोसळला तरी पौंडामागे लागवडीचा कर चालूच, शेवटी शेवटी १६१ डॉलर. तो रद्द झाला १ जुलै २०२२ला, तोवर कितीकांनी कुलूप लावलं होतं.

पलीकडच्या डोंगरधारेवर विनापरवाना लावणारा आहे. त्याचा खड्डा ओढा आहे की नाही हे बघायला कुणी जात नाही.

अजून एक, राहवत नाही म्हणून सांगतो. पर्यावरणाचे एवढे आराखडे, आणि मागोवा घेण्यासाठी झाडागणिक एक प्लास्टिकचा टॅग. एकदा वापरून फेकायचा. त्या बाईने गेल्या हंगामातले टॅग पोत्यात भरून ठेवलेत. मला विचारत होती, "हे कुठल्या आराखड्यात दाखवायचे?"

आज तिसऱ्याच टेबलावरून ईमेल आलंय: दोन टिपणांत तफावत आढळते, खुलासा करावा. सोमवारी परत टेप घेऊन चाललोय. जाण्यायेण्याचे सहा तास कुणाच्या बिलात धरायचे ते अजून ठरवलेलं नाही.