चालू आहे की बंद?

माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी षड्ज लावून बसायचा. पेटीवर कुठलाही राग वाजवा, रेकॉर्डिंगमध्ये मागे त्याची घूंऽऽऽ असायचीच. तानपुरा म्हणून खपवायचाही प्रयत्न केला. पण तानपुरा निदान पिळून सुरात आणता येतो.

शेवटी ठरवलं, रेकॉर्डिंगसाठी नवा कॉम्प्युटर स्वतःच जुळवायचा. अट एकच, आवाज अजिबात नको. बायको म्हणाली, "आवाज नको असेल तर पेटी कशाला वाजवताय?"

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आधी बफर समजून घे. एका सेकंदाच्या आवाजाचे 44,100 तुकडे होतात. त्यातले किती जमेपर्यंत मशीनने थांबायचं, तो बफर. 1024 ठेवलास, की झाले 23 मिलिसेकंद."

"अरे, डोंबिवलीत राहतो मी. आम्ही मिनिटांचाही हिशोब सोडलाय."

"तेवढ्यात आवाज जवळजवळ आठ मीटर जातो. हेडफोनमध्ये तुझी पेटी तुला आठ मीटरवरून आल्यासारखी वाटेल."

आठ मीटरवर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे. तिथून माझी पेटी ऐकायला कशी वाटते हे त्यांनी मला पूर्वीच सांगितलेलं आहे, त्यामुळे मी ताबडतोब बफर 128 करायचं ठरवलं. त्यात अंतर जेमतेम मीटरभर उरतं. पण मग प्रोसेसरला दर तीन मिलिसेकंदांनी हजेरी द्यावी लागते, आणि एक हजेरी चुकली की ऐन तानेत 'टक्' असा आवाज येतो. म्हणजे प्रोसेसर तगडा हवा. तगडा प्रोसेसर तापतो. तापला की पंखा जोरात फिरतो. आणि पंखा जोरात फिरला की घूंऽऽऽ.

यावर उतारा म्हणजे मोठे पंखे. 140 मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा टाकतो. 80 मिलिमीटरवाला तेवढ्याच हवेसाठी सगळं घर डोक्यावर घेतो. आमच्या ऑफिसात या दुसऱ्या जातीचे तिघे आहेत.

शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील.

"गेमिंग?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, रेकॉर्डिंग."

"सीसीटीव्ही?"

"पेटी."

त्याने माझ्याकडे जरा मायेने पाहिलं आणि इंद्रधनुष्यासारखी पेटणारी रॅम पुढे केली. गणपतीच्या मखरात शोभली असती. मी म्हटलं, साधी द्या. "साहब, लाइटिंग रहेगी तो पता चलेगा ना, चालू है." मी बाणेदारपणे सांगितलं, मला ऐकायचंय, बघायचं नाही. ग्राफिक्स कार्डालाही हात लावू दिला नाही, कारण त्याला आणखी दोन-तीन पंखे असतात. आणि एकच प्रोसेसर दोन किमतींना दिसल्यावर मी स्वस्तातला उचलला. त्याच्या नावापुढे 'एफ' होता. मला वाटलं, फास्ट.

रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही. पैसे गेले, एवढंच. कॅबिनेट मात्र आतून फोम लावलेलं, जडशीळ. ते लगेजच्या डब्यातून आणलं. मासळीच्या पाटीला टेकून बसलेल्या मावशींनी विचारलं, "फ्रिज काय रं?"

रविवारी जेवणाच्या टेबलावर मांडामांड केली. प्रोसेसर जागेवर ठेवून वरची दांडी दाबली, तर कर्रर्र असा आवाज आला आणि माझ्याच बरगड्या मोडल्यासारखं वाटलं. भाचा व्हिडिओ कॉलवरून म्हणाला, "दाब, असाच आवाज येतो." मग त्यावर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट. आई बाजूला उभी राहून बघत होती. "एवढीशीच? अजून घाल की!" वरणभातावर तूप वाढण्याचा तिचा हिशोब वेगळा आहे. मदरबोर्ड नऊ स्क्रूंनी पक्का केल्यावर लक्षात आलं, की मागची पत्र्याची पट्टी टेबलावरच राहिलीय. नऊ स्क्रू पुन्हा काढले. एक सांडला. तो अजून बोर्डाखालीच असावा, या भीतीने मी आठच लावले.

बटण दाबलं. पंखे फिरले, पण आवाज नाही! आणि स्क्रीनवर चित्रही नाही.

तासाभराने भाच्याने विचारलं, "मामा, प्रोसेसर एफवाला आहे का?" एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नसलेला. कार्ड न घेता तो घेणं म्हणजे खिडकी नसलेल्या खोलीला पडदे शिवणं. पुन्हा लॅमिंग्टन रोड. बदलून मिळाला, पण वाचवले त्याच्या दुप्पट मोजून.

त्यानंतर मात्र शांतता. इतकी, की चालू आहे का हे बघायला कॅबिनेटवर हात ठेवावा लागे. रात्री साडेदहाला सगळी निजानीज झाल्यावर जोगकंस राग लावला. डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा रेकॉर्डिंगमध्ये फक्त पेटी आणि भात्याचा श्वास. स्क्रीनही दहा मिनिटांनी आपणहून निजला. सतराव्या मिनिटाला समेवर आलो आणि मागे 'खट्' असा आवाज झाला.

आई भिंतीवरच्या स्विचबोर्डापाशी उभी होती. "अरे, ना दिवा ना आवाज. बंदच होतं की! बटण कशाला चालू ठेवायचं रात्रभर?"

ती फाइल पुन्हा उघडली नाही.

पुढच्या शनिवारी दुकानाची पायरी चढलो. दुकानदाराने गेमिंग विचारलं नाही, पेटीही विचारली नाही. वरच्या फळीवरचा खोका काढत म्हणाला, "कौनसा कलर?"