जीएम अन्नाचा विरोध एकाच बाजूच्या माथी मारता येत नाही

माझी धाकटी बहीण जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात तिने मला एक फॉरवर्ड पाठवून तो वर्गात वाचून दाखवू का, असे विचारले. मजकूर अमेरिकेविषयी आहे आणि त्याचे सार असे, की तिथले पुराणमतवादी विज्ञान आणि अर्थशास्त्र दोन्ही मानतात, उदारमतवादी दोन्ही झिडकारतात, आणि जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम, अन्नाला होणारा विरोध हा त्याचा ढळढळीत पुरावा आहे. हा मजकूर याआधीही माझ्यापर्यंत आला होता आणि मी सोडून दिला होता. पण तो विद्यार्थ्यांपुढे जाणार म्हटल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

सगळा डोलारा ज्या विधानावर उभा आहे, तेच मुळात खोटे आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी जनमत-संस्थेने २०१६ साली अमेरिकी नागरिकांची पाहणी केली, तेव्हा जीएम अन्न प्रकृतीला अधिक वाईट असते असे मानणारे रिपब्लिकन (म्हणजे पुराणमतवाद्यांकडे झुकणाऱ्या पक्षाचे) ३९ टक्के होते आणि डेमोक्रॅट (उदारमतवाद्यांकडे झुकणाऱ्या पक्षाचे) ४० टक्के. एका टक्क्याच्या या फरकावर कोणाला विज्ञानविरोधी ठरवायचे? भीती आहे, ती मोठी आहे आणि ती दोन्ही घरांत सारखीच आहे. त्याच संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार जीएम अन्न खाण्यास सुरक्षित आहे असे ८८ टक्के शास्त्रज्ञ मानत होते, तर सर्वसामान्य प्रौढांत हे प्रमाण अवघे ३७ टक्के होते. म्हणजे दरी शास्त्रज्ञ आणि जनता यांच्यामधली आहे. राजकीय दरी कशी दिसते हे पाहायचे असेल, तर २०१६ चेच हवामानाविषयीचे आकडे पाहावेत: पृथ्वीचे तापमान मानवी व्यवहारांमुळे वाढते आहे असे उदारमतवादी डेमोक्रॅटांपैकी ७९ टक्के लोक मानत होते आणि पुराणमतवादी रिपब्लिकनांपैकी १५ टक्के. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने या विषयाचा उल्लेखही केलेला नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. जीएमविरोधी मोहिमा चालवणाऱ्या संघटना बहुतांशी डाव्या बाजूच्या आहेत. २०१६ मध्ये शंभराहून अधिक नोबेलविजेत्यांनी जाहीर पत्र लिहून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेला हा विरोध, विशेषतः गोल्डन राइसला, म्हणजे अ जीवनसत्त्व मिळावे म्हणून जनुकीय बदल केलेल्या तांदळाला, असलेला विरोध, सोडण्याचे आवाहन केले होते. पण संघटनांची भूमिका म्हणजे मतदारांची भूमिका नव्हे.

‘जीएममुळे उत्पादन प्रचंड वाढले, शंका घेणारा अडाणी’ हा पुढचा मुद्दा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये नऊशेहून अधिक संशोधने तपासून जो अहवाल दिला, त्यात जीएम अन्नापासून आरोग्याला पारंपरिक वाणांपेक्षा अधिक धोका असल्याचा ठोस पुरावा नाही, असे म्हटले आहे. मात्र त्याच अहवालात हेही म्हटले आहे, की जीएम वाणांमुळे देशातील पीक उत्पादनवाढीचा वेग बदलल्याचे दिसत नाही आणि तणनाशकाला दाद न देणारे तण ही शेतीपुढची मोठी समस्या झाली आहे. पहिला निष्कर्ष घ्यायचा आणि दुसरा झाकायचा, याला विज्ञान मानणे म्हणत नाहीत.

जीएम ही केवळ खुल्या बाजाराची देणगी आहे, हा फॉरवर्डमधला दावाही खरा नाही. हवाईत रिंगस्पॉट विषाणूने पपईच्या बागा उद्ध्वस्त होत होत्या. फळांवर कड्यांसारखे डाग पडत आणि झाडे खुरटत. कॉर्नेल विद्यापीठाचे डेनिस गोन्साल्व्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचे जनुक पपईत घालून रोगप्रतिकारक वाण तयार केले आणि १९९८ मध्ये ते बागायतदारांच्या हाती आले. हे काम विद्यापीठातल्या संशोधकांचे आहे.

राहिला अर्थशास्त्राचा मुद्दा. शिकागो विद्यापीठाच्या आयजीएम फोरमने २०१२ मध्ये नामवंत अर्थतज्ज्ञांना प्रश्न विचारले. भाडेनियंत्रणाने परवडणारी घरे वाढली, या डाव्यांच्या आवडत्या समजुतीला जेमतेम २ टक्क्यांनी होकार दिला. प्राप्तिकराचे दर कमी केल्यास पाच वर्षांत सरकारचा एकूण महसूल वाढेल, या उजव्यांच्या लाडक्या समजुतीला एकानेही होकार दिला नाही.

बहिणीने तो फॉरवर्ड बाजूला ठेवला आहे. आता ती वर्गात ३९ आणि ४० हे दोन आकडे पक्षांची नावे न सांगता फळ्यावर लिहिणार आहे आणि कोणता आकडा कोणाचा, हे विद्यार्थ्यांनाच ओळखायला सांगणार आहे.