हुकमाचा ताबेदार

आपोआप वाजणारा पियानो आपोआप वाजत नाही. आधी तो जोडावा लागतो. कशाला, कशाने आणि कुठून, असं विचारायला गेलं की समोरचा इतकी आद्याक्षरं तोंडावर फेकतो की आपण नुसती मान डोलवतो.

हे धूड आमच्याकडे आलं बायकोच्या मामांमुळे. न्यू जर्सीतला संसार आवरून मामा बडोद्याला परतले, पण जुन्या पादरा रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये पियानो मावेना. आमचं घर दांडिया बाजारात, तळमजल्यावर. शिवाय जावई भिडस्त. ‘‘जावईबापू, तुम्ही फक्त फोनवरून लावायचं, बाकी तो बघतो,’’ असं म्हणून मामा मोकळे झाले. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230ची, म्हणून पियानोच्या आधी एक मणभर वजनाचा ट्रान्सफॉर्मर घरात आला आणि सोफा धाकट्या भावाकडे गेला.

फोनच्या ब्लूटूथमध्ये पियानोचं नाव दिसलं. जोडला. एक भावगीत लावलं. आवाज आला, छान आला, पण पट्ट्या ढिम्म. गाणं पियानोच्या पोटाखालच्या स्पीकरमधून येत होतं.

‘‘स्पीकर आपल्याकडे होताच की,’’ बायको म्हणाली. ‘‘फ्रिजवर मावायचा.’’

मग रावपुऱ्यातून एक जाणकार मुलगा बोलावला. ‘‘काका, टेन्शन नहीं लेवानुं,’’ म्हणत त्याने चपला काढल्या आणि मला टेन्शन आलं. त्याचं म्हणणं, ब्लूटूथ दोन. एक आवाज वाहून नेतं, दुसरं मिडी. आणि हे दुसरं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडायचंच नाही. ते ॲपच्या आत शिरून जोडायचं. एकाच नावाचे दोन इसम एकाच वाड्यात राहत असतील, तर निदान पोस्टमन तरी विचारतो, थोरले की धाकटे.

मिडी ही वाद्यांची आपापसातली बोली. जपानी आणि अमेरिकन कंपन्यांनी ती 1983 साली बाजारात आणली, म्हणजे एकाचा कीबोर्ड दुसऱ्याच्या यंत्राशी बोलू लागला. तिच्यात आवाज औषधालाही नसतो. असतात ते हुकूम: साठ नंबरची पट्टी दाब, जोर ऐंशी, आता सोड. साठ म्हणजे मधला सी, पट्ट्यांच्या साधारण मधोमधचा सूर. जोर मोजायचा 127 पर्यंत. 128 का नाही, तर मोजणी शून्यापासून. पियानोच्या 88 पट्ट्यांखाली एकेक तारेचं वेटोळं आणि त्यात लोखंडी दांडी बसवलेली असते. हुकूम आला की वीज वाहते, दांडी उसळून पट्टीचं मागचं टोक उचलते, पुढचं खाली जातं. बस्स, एवढंच. पियानोला गाण्याशी कर्तव्य नाही. मी लावलेलं भावगीत एमपीथ्री होतं, म्हणजे शिजून तयार झालेला आवाज. त्यातून हुकूम मागणं म्हणजे पुरणपोळीतून हरभऱ्याची डाळ परत मागणं.

हे मला पटलं. बायकोला पटलं नाही. ‘‘मग माझं गाणं तो वाजवणार नाही, असंच ना?’’

वाजवणार, पण त्याची मिडी फाइल मिळाली तर. मुलाने कुठूनशी एक मिळवली, आणि ब्लूटूथ नको म्हणून वायफाय काढलं. पियानोला स्वतःचं वायफाय आहे! फोन त्याच्यात शिरला की घरच्या वायफायमधून बाहेर. माझं व्हॉट्सॲप थंड, पियानो मात्र एकदम तरतरीत.

आणि त्याने सुरुवात केली. डावीकडच्या जाड आवाजाच्या पट्ट्या धाडधाड आपटायला लागल्या. वरच्या बाजूला बिचारी चाल काहीतरी सांगू पाहत होती, पण खाली घण चालला होता. समोरच्या काकू गॅलरीत आल्या. मिडीत सोळा चॅनल असतात, म्हणजे वाद्यांच्या हुकमांसाठी सोळा वेगळ्या वाटा, आणि दहावा ढोल-ताशांचा, म्हणजे ड्रम्सचा. तिथे 36 हा पट्टीचा नंबर नसून मोठ्या ढोलाचा असतो, 38 म्हणजे स्नेअर, ताशासारखा छोटा ड्रम. मुलाने सोळाच्या सोळा चॅनल पियानोकडे वळवले होते. हुकमाच्या ताबेदाराने ढोलही पट्ट्यांवरच बडवला. ‘‘काका, सेटिंग,’’ तो म्हणाला. त्यानंतर पियानोकडे फक्त पियानोचा चॅनल गेला आणि बाकीची मंडळी स्पीकरमध्ये.

या बाकीच्या मंडळींची एक यादी आहे. 1991 साली ठरलेली, 128 आवाजांची, सगळीकडे सारखी. आपली सतार 105, शहनाई 112. तबला नाही. हेलिकॉप्टर आहे, टाळ्या आहेत, शेवटी बंदुकीचा बारही आहे, पण तबला नाही. यादी करणाऱ्यांना हेलिकॉप्टरचा ठेका कुठे लागला, कोण जाणे.

हे सगळं आत्या झोपाळ्यावरून बघत होत्या. त्या इथल्याच संगीत कॉलेजच्या. मौलाबक्षांनी 1886 साली सुरू केलेल्या गायनशाळेतून जे पुढे उभं राहिलं, ते. ‘‘ह्याला मींड येते का रे?’’ त्यांनी मुलाला विचारलं. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. मिडीत सूर वाकवण्याचा हुकूम आहे, त्याने अभिमानाने सांगितलं. पण तो स्पीकरला चालतो. ताणून बसवलेली तार हातोडीने वाकत नाही. आत्यांनी ‘‘हं’’ केलं. पेटीलाही त्या आयुष्यभर असंच ‘‘हं’’ करत आल्यात.

तरी उठल्या. काळी तीनचा षड्ज धरला, आणि नुसत्या काळ्या पट्ट्यांवर भूप वाजवला. भूप तेवढ्यात पुरा बसतो, एकही पांढरी लागत नाही. मुलाने गुपचूप रेकॉर्डचं बटण दाबलं होतं. आत्या झोपाळ्यावर जाऊन बसल्या आणि पट्ट्या आपल्या आपण खाली जायला लागल्या. त्यांचाच भूप, त्यांचाच जोर, पट्टी दाबून धरायची त्यांचीच सवय. मधेच धैवतावर जाताना बोट घसरून एक पांढरी पट्टी किंचित दबली होती. पियानोने तीही तेवढीच किंचित दाबली.

‘‘मामांना फोन लाव,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘सांग, मशीन बिघडलंय.’’