पन्नास डब्यांचा ब्रँड, आणि लायसन्स दुसऱ्याचं

‘स्वतःचा ब्यूटी ब्रँड फक्त दहा हजारांत’ हा मेसेज पार्लरवाल्या बायकांच्या ग्रुपांवरून निपाणी, चिकोडी, शहापूर असा फिरत होता, तोवर मी गप्प होतो. आता तो बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या वहिनींच्या स्त्रीशक्ती संघात, म्हणजे बायकांच्या बचत गटात, पोचलाय आणि त्याच्या भरवशावर संघातून कर्ज उचलायची बोलणी सुरू झालीत. त्यामुळे लिहिणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कारखानेवाले हजार डब्यांची मिनिमम ऑर्डर सांगतात ती निव्वळ लूट. घासाघीस केली की पन्नासही देतात. नाहीच दिले तर क्रीमचा बेस, म्हणजे तयार साधं क्रीम, किलोवर मागवा, घरची कोरफड-हळद मिसळा, डब्यांत भरा, आपलं लेबल लावा. थोड्या मालाला लायसन्स लागत नाही. कुणी विचारलंच तर बेसवाल्याचा लायसन्स नंबर छापा. महाराष्ट्रातल्या कारखान्याचं लायसन्स कर्नाटकात चालत नाही, तेव्हा कोल्हापूरकडे फिरकू नका. उरलेला माल खराब होत नाही. आणि शेवटी, बेस मागवण्यासाठी मोबाईल नंबर. तो नंबर आधी वाचला असता तर बाकीचं वाचायची गरज पडली नसती.

क्रीम-लोशनच्या प्रॉडक्शनमध्ये मी बरीच वर्षं काढलीत. म्हणून घरी डबे भरायच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या मुद्द्यांत पैसे बुडतील, यात माणूस अडकेल.

‘आम्ही बनवत नाही, नुसतं भरतो’ हा बचाव कायद्यात टिकत नाही. १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा काढा, कलम ३ मधली उत्पादनाची व्याख्या वाचा. विक्रीसाठी माल बनवणं तर त्यात आहेच. शिवाय त्यात फेरफार करणं, पॅक करणं, लेबल लावणं, मोठ्या मालाचे छोटे भाग करणं, हे सगळं उत्पादनच. यातलं एक काम जरी विक्रीसाठी केलं तरी लायसन्स हवं. पन्नास डब्यांना माफी असं कुठेही लिहिलेलं नाही. सूट आहे ती किरकोळ दुकानदाराला, धंद्याच्या ओघात पुडी बांधून देण्यापुरती. खडेबाजारातला दुकानदार पोत्यातली शिकेकाई तोलून देतो ती त्यात बसेल. आपल्या ब्रँडचे डबे भरून दहा पार्लरना पोचवणं त्यात बसत नाही. कॉस्मेटिक नुसतं विकायला वेगळं लायसन्स लागत नाही, हे मात्र खरं. मेसेजवाल्याने तेवढा अर्धा तुकडा उचलला आणि बनवण्यालाही चिकटवून दिला.

दुसऱ्याचा लायसन्स नंबर छापायची युक्ती तर कहर आहे. कलम १७डी सांगतं की जो माल ज्या उत्पादकाचा नाही तो त्याचा म्हणून दाखवला, तर तो बनावट. त्याला शिक्षा कलम २७ए खाली: तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड किमान ५०,००० रुपये किंवा मालाच्या किमतीच्या तिप्पट, यातला जो जास्त असेल तो. दहा हजारांच्या धंद्यात पन्नास हजारांचा दंड! आणि डब्यावर पत्ता संघातल्या बाईचा असणार, मेसेजवाल्याचा नाही.

कायदा बाजूला ठेवू. बेसमध्ये प्रिझर्वेटिव्ह असतं ते त्या बेसच्या मापाने. त्यात घरची कोरफड ढवळली की पाणी वाढतं, जंतूंना खाद्य मिळतं आणि प्रिझर्वेटिव्ह पातळ होतं. खानापूरच्या पावसाळ्यात, दिवसातून चार वेळा उघडलेल्या बादलीत काय वाढेल ते डोळ्याला दिसत नाही, वासही लगेच येत नाही. बेस ‘गोरं करणारा’ असेल तर आणखी भीती. अशा क्रीममध्ये पारा सापडल्याची प्रकरणं आपल्या देशातली आहेत. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात फेअरनेस क्रीम वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडाचा आजार डॉक्टरांनी २०२३ मध्ये समोर आणला. सुट्या बादलीत पारा किंवा स्टेरॉइड आहे का, हे घरी कसं कळणार? तपासणीचा कागद त्या त्या बॅचचा, म्हणजे एका वेळी केलेल्या मालाचा, असतो आणि बादलीवर बॅच नंबरच नसतो.

आता मिनिमम ऑर्डर लूट आहे का ते बघू. ५० ग्रॅमचे ५० डबे म्हणजे अडीच किलो क्रीम. क्रीम बनवायच्या १०० लिटरच्या भांड्यात, म्हणजे केटलमध्ये, अडीच किलो टाकलं तर क्रीम घुसळणाऱ्या होमोजिनायझरचं पातं बुडत नाही आणि निम्मं क्रीम भिंतीला नि पाइपला चिकटून राहतं. लग्नाच्या पातेल्यात एकाचा भात लावल्यासारखं ते. केटल, फिलिंग मशीन धुवायला लागणारा वेळ तोच. पीएच, घट्टपणा, जंतूंची तपासणी दर बॅचला तीच. बुरशी वाढते का ते बघायच्या प्लेटा तर पाच-पाच दिवस ठेवाव्या लागतात. समजा हा सगळा ठरलेला खर्च बॅचला १२,००० रुपये आला. हजार डब्यांत तो डब्यामागे १२ रुपये पडतो, पन्नासात २४० रुपये. पन्नास डबे कुणी हजाराच्या भावात देत असेल, तर त्याने बहुतेक दुसऱ्या कुणासाठी केलेल्या बॅचमधलं क्रीम तुमच्या डब्यात भरलंय. ते चालत असेल तर घ्या, पण मग ‘आमचा खास फॉर्म्युला’ म्हणू नका.

आणि खरी अडचण बहुतेक वेळा क्रीमची नसतेच, पॅकिंगची असते. छापील ट्यूब करून घ्यायची तर पाच-दहा हजार नग सांगतात. तिथे कारखानेवाल्याशी भांडून काय उपयोग? ट्यूब तो बनवत नाही.

एवढं मान्य करतो की आकडा दगडावरची रेघ नसतो, आणि काही जण नवख्याला बघून तो फुगवतात. कमी करायचे सरळ रस्ते आहेत. कारखान्याचा तयार फॉर्म्युला घ्या, त्यांच्याकडे पडून असलेला साधा डबा घ्या, छापील ट्यूबऐवजी डिजिटल प्रिंटचं स्टिकर लावा. एकाच बेसच्या दोन वासांसाठी एक बॅच अर्धी-अर्धी वाटून मागा. असं केलं तर शे-दोनशे डब्यांवर तयार होणारेही भेटतात. भाव चढा लागेल, तो द्या. पण लेबल आधी छापून ठेवू नका. त्यावर उत्पादकाचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर आणि घटकांची यादी लागते. कारखाना बदलला की सगळा गठ्ठा रद्दी.

महाराष्ट्राचं लायसन्स इथे चालत नाही, हे धादांत खोटं. लायसन्स कारखान्याच्या जागेला असतं, ती जागा ज्या राज्यात आहे तिथलं औषध प्रशासन ते देतं, आणि माल देशभर विकता येतो. कारखाना कोल्हापूरचा, ब्रँड बेळगावचा, यात काहीही बेकायदेशीर नाही. लेबलवर उत्पादक तो आणि विक्रेते तुम्ही, बस्स. उत्पादक म्हणून स्वतःचंच नाव हवं असेल तर २०२०च्या कॉस्मेटिक्स नियमांत लोन लायसन्सची सोय आहे. दुसऱ्याच्या कारखान्यात बनवायचं पण लायसन्स आपल्या नावावर, फॉर्म सीओएस-९. पहिल्याच ऑर्डरला त्या भानगडीत पडू नका.

माल खराब होत नाही म्हणे. मग ‘यूज बिफोर’ची तारीख कशाला छापतात? ती बनवल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही गिऱ्हाईक शोधायला लागल्यापासून नाही.

सीमेवरच्या माणसाला जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होती ती या मेसेजमध्ये नाहीच. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकताना उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पण बेळगावहून शिनोळीला किंवा निपाणीहून कागलला विकला की तो परराज्यातला व्यवहार, आणि तिथे नोंदणी पहिल्या डब्यापासून सक्तीची. संघातल्या निम्म्या बायकांची माहेरं चंदगड-गडहिंग्लजकडची आहेत, पहिली गिऱ्हाइकं तिकडचीच असणार. तेव्हा नोंदणीचा आणि रिटर्न भरणाऱ्याच्या फीचा खर्च कर्जाच्या हिशेबात आत्ताच धरा.