ओढ्यात गप्पी मासे सोडू नका

पावसाळा लागला की एक मजकूर सगळीकडे फिरतो: विहीर, तळं, ओढा, जिथे पाणी दिसेल तिथे गप्पी मासे सोडा. ते डासांच्या अळ्या खातात, डेंग्यू जातो, नुकसान कशाचंच होत नाही आणि नको झाले तर मासे काढून टाकता येतात.

अळ्या खातात, हे खरं. बंदिस्त हौदात किंवा वापरात नसलेल्या शहरी विहिरीत त्यांचा उपयोगही होतो, कारण शहरात हिवताप पसरवणारा डास अशा पाण्यात वाढतो. त्याबद्दल तक्रार नाही.

डेंग्यूचं गणित मात्र निराळं आहे. एडिस डासाची मादी अंडी घालते ती कूलरमध्ये, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरात. ओढ्यातला मासा तिथे काय करणार? ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तगतात. म्हणून दर आठवड्याला भांडी रिकामी करून, घासून, वाळवणं चुकत नाही.

आता ‘नुकसान नाही’ हे. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. त्याच कामासाठी सोडला जाणारा गंबुसिया हा दुसरा मासा उत्तर अमेरिकेतला, भारतात १९२८ साली इटलीतून आणलेला. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी १०० परक्या जातींच्या आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत गंबुसियाचं नाव आहे. तो बेडकांची अंडी आणि पिल्लं खातो, स्थानिक माशांची पिल्लं खातो, मोठ्या माशांचे पर कुरतडतो. डासांच्या अळ्यांवर जगणारे पाणकिडेही त्याच्या तोंडी जातात, म्हणजे फुकट राखण करणारेच आपण संपवतो. गप्पींच्या बाबतीतही ‘बायॉलॉजी लेटर्स’ या विज्ञान नियतकालिकातल्या २०१६च्या लेखात संशोधकांनी हाच इशारा दिला: डास आटोक्यात येतात याचा पुरावा तोकडा, परिसंस्थेला धोका मात्र खरा.

आणि काढणार कसे? दोन्ही जाती थेट पिल्लं देतात. नराचं बीज मादीच्या पोटात काही महिने टिकतं, त्यामुळे एक गाभण मादी सुटली तरी पुरते. भर पावसात विहीर तुडुंब झाली की मासे ओढ्यात, तिथून नदीत. चिलापी (तिलापिया) हाही असाच परका मासा, त्याची पहिली जात भारतात १९५२ साली आणली गेली. आज उजनी धरणात चिलापीनं जाळी भरतात आणि ती परत काढायची गोष्टही कोणी बोलत नाही.

मासे सोडायचेच असतील तर आधी पाणी वाहून कुठे जातं ते बघा. सांडव्याची वाट ओढ्याला मिळत असेल तर परका मासा नकोच. आपल्याकडे डोक्यावर चकाकता ठिपका असलेला अ‍ॅप्लोकायलस हा छोटा देशी मासा आहे, तो पृष्ठभागावरच्या अळ्या टिपतो. तोही त्याच खोऱ्यातला घ्यावा. बंदिस्त हौदात गप्पी ठेवलेच, तर पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि हौद धुताना पाणी गटारात सोडण्याआधी गाळून घ्या.