कबुलीच्या आधीचे तास

पोलीस चौकशीच्या मुद्रणाची सक्ती असावी, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : पोलीस चौकशीचे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ध्वनिचित्रमुद्रण करण्याची कायदेशीर सक्ती अव्यवहार्य आहे, कॅमेरा सुरू असला की संशयित बोलत नाही, कबुलीजबाब तेवढा मुद्रित केला तरी न्यायालयाचे काम भागते, आणि भारतात पोलिसांपुढील कबुली पुरावा म्हणून ग्राह्यच नसल्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही. यांपैकी तिसऱ्या आक्षेपाशी मी मुळीच सहमत नाही, म्हणून आधी त्याचाच विचार करतो.

फक्त कबुलीचे मुद्रण किती फसवे असू शकते, याचे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील १९८९ च्या बलात्काराचा खटला. त्यात पाच किशोरवयीन मुलांना शिक्षा झाली आणि त्यांपैकी चौघांचे कबुलीजबाब व्हिडिओवर होते. ते जबाब घेण्यापूर्वी या मुलांची तासन्‌तास चौकशी झाली होती, पण त्या तासांचे मुद्रण कोणीही केले नव्हते. जबाबांतले तपशील एकमेकांशी जुळत नव्हते, तरीही पडद्यावर स्वतःच्या तोंडाने गुन्हा सांगणारा मुलगा ज्युरीला पुरेसा वाटला. २००२ मध्ये दुसऱ्याच एका माणसाने गुन्हा कबूल केला, डीएनए त्याच्याशी जुळला आणि पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. गुन्ह्याचा एखादा तपशील संशयिताला मुळात ठाऊक होता की तो प्रश्नांमधूनच त्याच्या कानावर पडला, हे कबुलीच्या चित्रफितीवरून कधीच कळत नाही; ते कळायचे तर पहिल्या प्रश्नापासूनची नोंद हवी.

अमेरिकेतील अलास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्टीफन खटल्यात नेमके हेच ओळखले. त्या प्रकरणात मुद्रणयंत्र खोलीत होते, ते चालू स्थितीतही होते, पण चौकशीच्या केवळ काही भागासाठीच सुरू केले गेले होते. आधी काय वचन दिले गेले, कोणती धमकी दिली गेली, हक्कांची जाणीव केव्हा करून दिली, यावर पोलीस एक सांगत होते आणि आरोपी दुसरे. यावर न्यायालयाने निर्णय दिला, की कोठडीच्या ठिकाणी होणारी चौकशी सबळ कारणाशिवाय पूर्णपणे मुद्रित केली नाही, तर तिच्यातून मिळालेला जबाब सर्वसाधारणपणे पुराव्यात येणार नाही. यंत्र बिघडले किंवा संशयितानेच मुद्रणाला नकार दिला, तर सूट मिळते. म्हणजे आपण ज्या व्यवहार्यतेबद्दल बोलता, तिची सोय नियमातच आहे.

माझ्या मते अशा कायद्याचा कस लागतो तो मुद्रण झाले नाही तर पुढे काय होते, या प्रश्नावर. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्याने २००३ मध्ये खुनाच्या गुन्ह्यांसाठी कायदा केला, तेव्हा अमुद्रित जबाब अग्राह्य असल्याचे गृहीत धरले जाईल, अशी तरतूद केली. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने २००४ मध्ये मवाळ मार्ग निवडला : जबाब पुराव्यात येऊ शकतो, पण बचाव पक्षाने मागणी केल्यास न्यायाधीशाने ज्युरीला तो अत्यंत सावधपणे तोलण्याची सूचना द्यायची. मला पहिला मार्ग अधिक पटतो, पण दुसराही निव्वळ शिफारशीपेक्षा बरा आहे. जपानमध्ये २०१९ पासून सक्ती लागू झाली खरी, पण ती नागरिक-न्यायाधीशांसमोर (न्यायाधीशांबरोबर बसणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर) चालणारे गंभीर खटले आणि सरकारी वकिलांनी स्वतः तपासलेली प्रकरणे एवढ्यापुरतीच असल्याने बहुसंख्य चौकशा तिच्या बाहेरच राहतात.

संशयित गप्प बसतो, हा आक्षेप नवा नाही. थॉमस सलिव्हन या माजी सरकारी वकिलाने २००४ मध्ये अमेरिकेतील ३८ राज्यांतल्या २३८ पोलीस यंत्रणांचे अनुभव एकत्र केले. मुद्रण करणाऱ्या अधिकाऱ्यांचा कल जवळजवळ एकमुखाने त्याच्या बाजूने होता, कारण मारहाणीचे खोटे आरोप त्यामुळे तिथल्या तिथे निकाली निघत. मात्र कॅमेरा कोणावर रोखला आहे, यानेही फरक पडतो. चौकटीत एकटा संशयित दिसत असेल, तर पाहणाऱ्याला कबुली अधिक स्वेच्छेची वाटते, असे डॅनियल लॅसिटर यांच्या प्रयोगांत दिसून आले आहे. तेव्हा प्रश्न विचारणाराही चौकटीत असावा, हेही नियमात लिहायला हवे.

आता भारताकडे वळू. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम २५ आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. पण त्याच कलमाचे परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारा भाग (पूर्वीचे कलम २७), आपण सोडून दिलेत. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेला माहितीचा भाग पुराव्यात येतो आणि ‘हत्यार लपवले ती जागा दाखवतो’ हे वाक्य पंचनाम्यात नोंदवले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार शोध आणि जप्तीचे चित्रण बंधनकारक आहे. म्हणजे हत्यार जप्त होताना कॅमेरा असतो, पण ते वाक्य कोठडीत ज्या चौकशीतून निघाले, तिच्या मुद्रणाची तशी सक्ती नाही. पंच फितूर झाले की वाद नेमका तिथेच सुरू होतो.

परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचे आणि चित्रण अठरा महिने जपण्याचे आदेश दिले, याकडे आपण लक्ष वेधलेत. तो आदेश महत्त्वाचा आहे, पण ठाण्यातल्या हालचालींवर लक्ष ठेवणारा कॅमेरा आणि चौकशीची स्वतंत्र, मोहोरबंद नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस कायद्याखालील संहितेनुसार मूळ ध्वनिफीत संशयितासमोरच मोहोरबंद केली जात असे, ती या फरकामुळेच.

एका बाबतीत चूक माझी आहे. ‘भारतात कबुलीच्या मुद्रणाची तरतूदच नाही’ असे मी लिहिले होते, ते बरोबर नाही : दंडाधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीच्या वकिलाच्या उपस्थितीत ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००९ च्या दुरुस्तीपासून आहे आणि ती नव्या संहितेच्या कलम १८३ मध्येही कायम आहे. मूळ लेखातले ते वाक्य मी दुरुस्त करीत आहे.