नम्र दिसण्याचे सोपे उपाय

खरी नम्रता अंगी यायला वर्षं लागतात. तुम्हाला मंडळी (म्हणजे चर्च) सांभाळायची, कमिटी सांभाळायची, एवढा वेळ आणणार कुठून? नम्र दिसलात तरी भागतं. ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहात (18 ते 25 जानेवारी, 1908पासून चालू आहे, म्हणजे सराव भरपूर झालाय) यंदा खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे होतं. तिथे जे पाहिलं ते फुकट सांगतो.

बोलायला उभे राहिलात की आधी "मी तर निव्वळ धूळ" म्हणा. मग पाऊण तास खाली बसू नका.

दुसऱ्या मंडळीच्या पाळकांना कडकडून भेटा. त्यांच्याकडे बाप्तिस्मा शिंपडून देतात की बुडवून, हा विषय त्यांची पाठ फिरेपर्यंत राखून ठेवा.

चौदा मुद्द्यांवर पटलं तरी पंधराव्यावर अडा. ल्यूथर आणि झ्विंग्ली हे प्रोटेस्टंट सुधारक 1529 साली जर्मनीत मारबुर्गला असेच अडले होते, तेही प्रभुभोजनाच्या भाकर-द्राक्षारसावरून.

कोणाला झोडायचं असेल तर प्रार्थनेत झोडा. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, मध्येच कोणी हरकत घेत नाही, आणि शेवटी ज्याला झोडलं त्यालाही आमेन म्हणावंच लागतं. "प्रभू, आमच्यातल्या काही बंधूंना पुढे पुढे करण्याच्या मोहातून सोडव." मी एक डोळा उघडून पाहिला. काही बंधूंचे कान लाल झाले होते.

आता खुर्च्या. पुढच्या रांगेत सात होत्या. "आम्हाला कुठेही चालेल हो" म्हणणारे नऊ जण आले, आणि कुठेही म्हणजे त्या सातांतच. एकांनी माझ्यादेखत खुर्चीवरची दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी काढली आणि खिशात घातली. खिशात! वर मलाच म्हणाले, "वाऱ्याने उडाली असेल, बेटा." पंखे बंद होते. दुसरे कडेला बसवलं म्हणून फुगले. शेवटचा आशीर्वाद कोणी द्यायचा यावर आत वीस मिनिटं दार लावून खल चालला, आणि बाहेर आम्ही ऐक्याचं तेच गीत तिसऱ्यांदा गात होतो.

यरुशलेममध्ये पवित्र कबरीच्या चर्चच्या छतावर 2002 साली एका कॉप्टिक (म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती पंथाच्या) संन्याशाने ऊन लागतं म्हणून आपली खुर्ची सावलीत सरकवली. इथिओपियन संन्याशांना ते अतिक्रमण वाटलं. हाणामारी झाली, अकरा जण दवाखान्यात गेले. ही गोष्ट मी त्याच दिवशी मंडळीच्या एका वडिलांना सांगितली तर खो-खो हसले. दोन्ही हातांनी खुर्ची धरून हसले.

काही वाटतं का हो तुम्हाला? बायबलातलं योहान 17 तुम्हीच वाचलंत, आवाज चढवून, "त्या सर्वांनी एक व्हावे". ती प्रार्थना येशूची, त्याला धरून नेण्याच्या रात्रीची आहे. त्याच रात्री त्याने कमरेला रुमाल बांधून पाय धुतले, आणि त्याच रात्री भोजनाला बसलेले शिष्य आपल्यात मोठा कोण म्हणून भांडले, लूकने लिहून ठेवलंय. त्यांना निदान पुढचं ठाऊक नव्हतं. तुम्हाला अख्खं पुस्तक पाठ आहे, तरी चिठ्ठी खिशात!

फिलिप्पैच्या मंडळीत दोन बायकांचं बिनसलं होतं. प्रेषित पौलाने तुरुंगातून पत्र पाठवलं आणि त्यात दोघींची नावं घातली, युवदीया आणि सुंतुखे. आजही भर उपासनेत वाचली जातात. मी तुमचं नाव अजून लिहिलेलं नाही. चिठ्ठी तेवढी परत आणून द्या.